बैलाचा खूर न लागलेली ज्वारी

अमावस्येला लोक घराबाहेर पडायला कचरतात, पण लातूरकडे मार्गशीर्षातल्या अमावस्येला गावंच्या गावं रिकामी होतात आणि सगळे शेतात जाऊन जेवतात. या सणाला तिकडे येळवस म्हणतात, म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या लॅबमधली सुजाता रेणापूरजवळच्या एका खेड्यातली. चार वर्षं ती मला या जेवणाच्या गोष्टी सांगत होती आणि चार वर्षं मी "पुढच्या वर्षी नक्की" म्हणत होते. त्या वर्षी मला नांदेडला दोन दिवसांचं काम निघालं आणि नेमकी त्यानंतरच अमावस्या आली. सुजाताला रजा मिळाली नाही. ती म्हणाली, "तू एकटी जा. मायला फोन करून तुझं सगळं सांगून ठेवते."

माझं सगळं म्हणजे माझं खाणं. मी व्हीगन आहे. दूध, दही, तूप, मध, काही खात नाही. पुण्यात यावरून रोज कुणीतरी माझी टर उडवतं, त्याची सवय झाली आहे. पण खेड्यात कुणाच्या घरी पाहुणी म्हणून जायचं आणि ताकाला नाही म्हणायचं, या कल्पनेने मला घाम फुटत होता. म्हणून मी बॅगेत फुटाण्यांचं मोठं पाकीट कोंबलं होतं. ते जसंच्या तसं परत आलं.

नांदेडला पहिल्या दुपारी गुरुद्वाऱ्यातल्या लंगरात जेवले. डाळ, भाजी आणि रोट्या. मी वाढणाऱ्या सरदारजींना विचारलं, रोटीला तूप आहे का. ते काही न बोलता पुढे गेले. मी ओशाळून डाळीवर भागवायचं ठरवलं. पंगत अर्धी झाल्यावर ते परत आले आणि तव्यावरून थेट आणलेल्या दोन कोरड्या रोट्या त्यांनी माझ्या ताटात ठेवल्या. कारण त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

नांदेडहून लातूरला एसटीने जा. लोहा, अहमदपूर, चाकूर करत गाडी चारेक तासांत पोचते, आणि डाव्या बाजूच्या खिडकीत बसलात तर सकाळचं ऊन सोसावं लागतं. दुष्काळाचं वर्ष होतं. नद्यांच्या पुलांखाली नुसती वाळू आणि दगड, आणि रस्त्यावर आमच्यापुढे सतत एखादा पाण्याचा टँकर. मागच्या बाकावरचे दोघं नव्या जिल्ह्यावर वाद घालत होते. उदगीरकराचं म्हणणं, आता उदगीर जिल्हा होणारच. दुसऱ्या म्हाताऱ्याने लातूर जिल्हा होताना पाहिला होता. तेव्हा पेढे वाटले होते, म्हणाला, आणि मग शांतपणे विचारलं, "जिल्हा व्हईल बी. त्याला प्यायला पानी कुठलं देनार?"

लातुरात लॉजवर दिवसाला एक बादली पाणी मिळत होतं, तेव्हा अशा काळात जाणार असाल तर केस धुवूनच निघा. खाण्याची मात्र माझ्यासारख्यांची चैन. ज्वारीची भाकरी, तेलातलं पिठलं, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, अंबाडीची भाजी. फक्त "भाकरीला तूप नको" एवढं आधी सांगावं लागतं. पुण्यात जे मी शोधून शोधून खाते, ते इथे सगळे कुणी नाव न ठेवता रोज खात होते.

अमावस्येच्या सकाळी काळी-पिवळी जीपने रेणापूर आणि तिथून सुजाताचा भाऊ मिलिंद याच्या मोटारसायकलवर गाव. पस्तिशीचा, कमी बोलणारा माणूस. घरी त्याची बायको रंजना आणि माय. सुजाताच्या आईला सगळं गाव मायच म्हणतं. बारीक, काळीसावळी, सत्तरीला आलेली. तिने माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

दारात दोन बैल होते, हिऱ्या आणि लाल्या. बरगड्या मोजता येत होत्या. मिलिंदने वाटेतच सांगितलं होतं की कडबा महिनाभर पुरेल एवढाच उरलाय, येत्या मंगळवारी दोघांना बाजारात नेणार. अशा वर्षी बैल घेणारे शेतकरी नसतात. घेतात ते दलाल, पुढे खाटकाकडे पाठवणारे. माय याला तयार नव्हती. दोन आठवडे मायलेक एकमेकांशी कामापुरतं बोलत होते.

आम्ही शेताकडे निघालो तेव्हा मला एक गंमत वाटली. गावातले बाकीचे लोक बैलगाडीत, ट्रॅक्टरवर, मोटारसायकलींवर. आम्ही पायी, कारण भरलेला घडा मोटारसायकलवर नेता येत नाही. मायच्या डोक्यावर आंबिलीची बिंदगी, म्हणजे मातीचा घडा, रंजनाच्या डोक्यावर भाकरी-भज्जीची टोपली, मिलिंदच्या खांद्यावर गाठोडं. आणि आमच्या शेजारून दोन्ही बैल मोकळे, डुलत डुलत. एका गाडीवाल्याने हाक मारून विचारलं, बैल असताना ओझी डोक्यावर का. माय नुसती हसली. मला वाटलं, बैल थकलेत म्हणून त्यांना गाडीला जुंपलं नसेल. मला ती बाई फार आवडून गेली.

शेतात ज्वारी वीतभर होऊन थांबली होती. भेगांत हात जाईल अशी जमीन. दरवर्षी या दिवशी कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभारतात. यंदा कडबा कोपीला लावायचा की बैलांना घालायचा, म्हणून तुरीच्या वाळक्या तुराट्या आणि जुनी साडी यांची कोप होती. हे बौद्ध कुटुंब, त्यामुळे आत इतर लोक पूजतात ते पांडवांचे पाच दगड नव्हते, बुद्धाची छोटी तसबीर होती. मिलिंदने पंचशील म्हटलं. पहिलंच शील जीव न घेण्याचं. म्हणताना तो खाली बघत होता.

मग जेवण. डाळी-शेंगा, गाजर, मेथी, चिंच, बेसन घालून शिजवलेली भज्जी, बाजरीच्या पिठाचे वाफवलेले गोळे म्हणजे उंडे, गुळातली गव्हाची खीर. शेजारच्या शेतांतून लोक येत, घास खाऊन जात, आपल्याकडे बोलावत. त्या करपलेल्या माळावर जिकडे बघावं तिकडे माणसं जेवत होती. पीक नाही, पाणी नाही आणि तरी रानाला जेवू घालायला सगळे आले होते. मी भारावून गेले होते, दुसरा शब्द नाही.

आंबील ताकात करतात हे मला माहीत होतं. मी हळूच नको म्हणणार, तोच रंजना म्हणाली की ताक नाही, यंदा सगळ्यांसाठीच चिंचेच्या पाण्यात केलीय. मी पेला तोंडाला लावला. आंबट, लसणाची, गार. मी दुसरा पेला मागितला तेव्हा माय खुश झाली आणि एका वेगळ्या पांढऱ्या फडक्यातून तिने माझ्यासाठी भाकरी काढली. बाकीच्यांच्या भाकऱ्या लाल फडक्यात होत्या. मी विचारलं, माझी वेगळी का.

"सुजी म्हनली, तुला जनावराचं कायबी चालत न्हाई," माय म्हणाली. "आमची ज्वारी तर बैलाच्या कष्टाची. मग वरच्या आळीतून ट्रॅक्टरच्या रानातली आनली. तिला बैलाचा खूर लागला न्हाई."

मी भाकरी हातात धरून बसले. हळूहळू बाकीचं समजत गेलं. तिने आपली पायलीभर ज्वारी देऊन दुसऱ्याची आणली होती. चूल गोवऱ्यांवर न पेटवता तुराट्यांवर पेटवली होती. आणि माझं जेवण बैलांनी ओढायला नको म्हणून सत्तरीची बाई डोक्यावर घडा घेऊन दीड कोस चालली होती. यातलं काहीही तिला विचित्र वाटलं नव्हतं. एका माणसाने नेम केलाय, तर तो पुरा पाळायला मदत करायची, एवढंच.

"येकच राहिलं," ती काळजीने म्हणाली. "शेनखत समद्याच रानात पडतंय. त्याला काई करता आलं न्हाई. चालंल का?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आजवर माझ्या खाण्याकडे इतकं नीट कुणीच बघितलं नव्हतं. मीसुद्धा.

पण तेवढ्यात मिलिंद बोलला. त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती, थकवा होता. "माय, ताईसारखी शिकलेली मानसं बी म्हनून राहिलीत, बैलाला कामाला लावू नाई. मंग ठिवायचे कशाला? ट्रॅक्टर हायेच की. मंगळवारी नेतो."

मायने माझ्याकडे पाहिलं. तिचा दोन आठवड्यांचा हट्ट माझ्या एका नियमापुढे लंगडा पडला होता, आणि तो नियम मी तर कधी केलाच नव्हता. पुण्यात मी जी ज्वारी खाते ती कुणी पेरली, हे मी एकदाही विचारलेलं नाही. आता मी गप्प बसले असते तर त्या दोन बैलांना माझ्याच नेमाने बाजारात नेलं असतं.

मी ती पांढऱ्या फडक्यातली भाकरी परत ठेवली आणि लाल फडक्यातली उचलली. मिलिंदला म्हणाले, "दादा, माझा नेम एवढा मोठा नाही. मी बैलांची ज्वारी रोज खाते. ज्यांचं खाते त्यांना बाजारात पाठवा असं मी कशी म्हणेन?"

मोठंच बोलले होते आणि मला लाजही वाटत होती. कडबा माझ्याकडे नव्हता, शेत माझं नव्हतं, आणि मी दुसऱ्या दिवशी परत जाणार होते. मिलिंद उठून गेला. बऱ्याच वेळाने मी कोपीबाहेर आले तेव्हा तो उरलेले उंडे बैलांना हाताने भरवत होता. परतताना मायने बिंदगी बैलगाडीवाल्या शेजाऱ्याकडे दिली आणि माझ्या शेजारून चालली.

पुण्यात आल्यावर मंगळवारी दिवसभर माझं कामात लक्ष नव्हतं. सुजाताला फोन करायला सांगायचीही छाती होत नव्हती. संध्याकाळी तिनेच सांगितलं. मिलिंद बैल घेऊन निघाला होता. माय दारात उभी राहिली, अडवलं नाही, फक्त म्हणाली की घेणाऱ्याचं नाव विचारून ये. दोन तासांनी तो बैलांसकट परत आला. पुढच्या महिन्यात तालुक्याला चारा छावणी सुरू झाली तेव्हा तो दोघांना घेऊन तिथे राहायला गेला. जनावराबरोबर घरचं एक माणूस राहावं लागतं. माय जाते म्हणाली, त्याने जाऊ दिलं नाही. पाऊस पडेपर्यंत तो एका ताडपत्रीखाली त्यांच्याशेजारी झोपला. लाल्या छावणीतच गेला, म्हातारा होता. हिऱ्या घरी आला.

येळवस बघायला जाणार असाल तर जरूर जा. कुणाचंही शेत गाठा, तुम्हाला कुणी उपाशी परत पाठवणार नाही. मात्र तुम्ही काय खात नाही हे सांगताना जरा जपून सांगा, तिथे लोक ते मनावर घेतात. माझं ताट पूर्वीसारखंच आहे, दूध-तूप त्यात परत आलेलं नाही. पण "मी जनावराचं काहीच खात नाही" हे वाक्य मी बोलायचं सोडलं आहे. कुणी विचारलं तर सांगते, दूध, दही, तूप, मध खात नाही. हिऱ्याच्या आणि लाल्याच्या कष्टाचं मात्र खाल्लेलं आहे.