धुऱ्यावरचा पुढारी

शाळेत असताना वक्तृत्वात माझा हात धरणारा कोणी नव्हता, असं मी स्वतःच सगळ्यांना सांगत असे. ग्रामसेवकाच्या प्रशिक्षणाला गेलो तेव्हा आमच्या तुकडीने मला पुढारी निवडलं, तेही आवाज मोठा म्हणून. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती आणि देश आपल्या भाषणासाठीच खोळंबलाय, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

शेवटच्या महिन्यात प्रत्येकाला एकेका गावात कामाला धाडत. मला मुर्री गावाच्या पलीकडचं एक गाव मिळालं. काम एकच: निदान एका बांधीत, बांध घातलेल्या शेताच्या तुकड्यात, जपानी पद्धतीने, म्हणजे दोर ताणून सरळ ओळीत, धानाची रोवणी करून दाखवायची. नाही जमलं तर प्रमाणपत्र अडणार. आठ दिवस जपानातल्या पिकाच्या गोष्टी सांगत घरोघर घसा कोरडा केला, तेव्हा एक पोवार शेतकरी तयार झाला. अबोल माणूस. त्याने सगळ्यात चांगली, रस्त्याकाठची बांधी दिली. फसलं तर जाणारा-येणारा तिथे थांबून हसणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

रोवणीच्या दिवशी सकाळीच पऱ्हे, म्हणजे धानाची कोवळी रोपं, उपटून बांधीत टाकले होते. बारा बायांची टोळी आली. त्यांची म्होरकी पन्नाशीची, उंच, कमरेला पदर खोचलेली. शेतकऱ्याचे दोन भाऊ दोराची टोकं धरून उभे राहिले. दोराला ठरावीक अंतरावर चिंध्या बांधल्या होत्या, एका चिंधीशी एक रोप. मी प्रत्येकीला आठ चिंध्यांची जागा वाटून दिली आणि धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभा राहून नियम सांगितले. आपल्या जागेवरून हलायचं नाही. शिट्टी वाजली की दोर मागे सरकेल. आणि गाणं बंद, कारण शिट्टी ऐकू यायला हवी. पायात बूट होते माझ्या. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, पण तेव्हा मला ते नेतृत्व वाटत होतं.

तासाभरातच घोळ सुरू झाला. रांगेच्या मधोमध एक म्हातारी होती, तिचा हात हळू. शिट्टी वाजे तेव्हा तिच्या दोन-तीन जागा रिकाम्याच असत. ती त्या भरायला वाके, दोर तिच्या पायात अडके, नुकतीच लावलेली रोपं उपटून निघत. शेजारच्या पोरीने हात लांबवून म्हातारीची एक जागा भरली, तर मी वरून ओरडलो, "आपापल्या जागेवर!" पोरीने हात मागे घेतला. मग कोणीच कोणाकडे बघेना.

दुपारपर्यंत पाव बांधीही झाली नाही. बाया धुऱ्यावर येऊन शिदोरी सोडून बसल्या. उद्या त्यांना दुसऱ्या शेतावर बोलावणं होतं. पऱ्हे सुकू नयेत म्हणून शेतकरी त्यांच्या ढिगावर पाणी शिंपडत होता. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी जपानातल्या पिकाचं पुन्हा सुरू केलं, पण माझा आवाज मलाच नकोसा झाला आणि मी मध्येच थांबलो. म्होरकीजवळ उकिडवा बसून विचारलं, "मावशी, कुठं चुकून राहिलं?" त्या दिवसातला माझा तो पहिला प्रश्न.

ती भाकर मोडत म्हणाली, "काऊन गा बाबू, त्या पोरीवर कायले वरडला? म्हातारीचा हात धीरे चालते, त बाजूवाली तिची जागा घेते. आज तिची, उद्या माजी. आमची रोवणी अशीच होते."

"आणि दोर कधी हलवायचा?"

"गाण्याची कडी सरली का हलवाचा. तवा साऱ्या संगच उठतेत."

लाज वाटली, खरंच वाटली. इतकी वर्षं चालत आलेलं काम मी एका सकाळीत मोडून ठेवलं होतं. बूट काढले, विजार गुडघ्यावर गुंडाळली आणि एका भावाच्या हातातलं दोराचं टोक घेतलं. चिखल पिंढरीपर्यंत आला. म्होरकीने गाणं उचललं, बाकीच्यांनी झेललं. कडी संपली की आम्ही दोर मागे घेत होतो. म्हातारीच्या जागा दोन्ही बाजूंनी आपोआप भरत होत्या. माझा तोल दोनदा गेला आणि बारा जणी पोटभर हसल्या. मीही हसलो.

दिवेलागणीआधी बांधी संपली. ओळी सुतासारख्या सरळ नव्हत्या, पण ओळी होत्या. शेतकरी धुऱ्यावरून एक चक्कर मारून आला आणि म्होरकीला म्हणाला, "परवा बाजूच्या बांधीत बी दोर लावून टाकू."

ती हातपाय धूत होती. तिने मान वळवून मला विचारलं, "बाबू, तू येशीन का दोर धराले? तू असला त येतो आमी."

पुढे आयुष्यात पदं मिळाली, हारतुरे झाले. इतकं मोठं बोलावणं मात्र पुन्हा आलं नाही. तेव्हा मी होकाराची मान हलवली आणि परवासाठी दोर गुंडाळायला घेतला.