ओंजळीचा शॉट

त्यांनी माझ्या हाताला हात लावला नाही. त्यांच्याकडे सीनचे कागद होते, गुंडाळलेले. त्या कागदांच्या टोकाने त्यांनी माझा उजवा हात उलटा केला. मग सुलटा केला. बाजारात सुरमई उलटीपालटी करून बघतात तसा.

"हे बघा," ते म्हणाले. "असे हात हवेत. भेगा बघा. नखं बघा. मेकअपने हे होणार नाही."

माझ्या दुसऱ्या हातात पोह्यांचा ट्रे होता. तो खाली ठेवू की धरून राहू, कळेना. भोवती सगळे उभे. दिग्दर्शक, कॅमेरावाला, लाइटवाले, मी ज्यांच्याकडे काम करते त्या वहिनी. सगळे हाताकडे बघत होते. तोंडाकडे कोणी बघितलं नाही.

"मावशी, ठेवा तो ट्रे," दिग्दर्शक म्हणाला. "आता तुम्ही आर्टिस्ट झालात."

सगळे हसले. मीपण हसले. ते हसणं अजून सलतं.

ते म्हणजे मोठे नट. नाव लिहीत नाही. मी लहान असताना जयंतीला आमच्या बौद्धवाडीत पांढरं कापड ताणून सिनेमा लावायचे. एका सिनेमात ते मजूर होते. कुऱ्हाड घेऊन मालकाच्या अंगणात उभे राहायचे आणि असे ओरडायचे की कापड हलायचं. शिट्ट्या वाजायच्या. माझी आई कधी शिट्टी वाजवायची नाही, पण त्या सीनला ती उभी राहायची. "हा आपला माणूस," म्हणायची.

ते आपले नव्हते. मोठ्या घरातले होते. पुढे कुणीतरी आईला तसं सांगितलं. आई म्हणाली, "असू दे. बोलतो तर आपल्यासाठी." मी त्यांचं चित्र पेपरातून कापून ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलं होतं.

ते आधी नाटकात होते, मग सिनेमात गुंड झाले, मग हिरो. मग केस पिकले आणि हिरोची कामं गेली. टीव्हीवर कोणाकोणाचे आजोबा झाले. मग तेही कमी झालं. आता स्वतःच्याच आयुष्यावर सिनेमा काढत होते. त्यात आमच्या साहेबांनी पैसे घातले. साहेब म्हणजे माझ्या वहिनींचे यजमान, शारजात कॉन्ट्रॅक्टिंगचा धंदा आहे. उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात त्यांचं गोडाऊन आहे. त्यातच त्या नटांचं लहानपणीचं घर उभं केलं. प्लायवूडच्या भिंती मातीच्या रंगवलेल्या. अंगणात लाल माती हवी होती. ती इथे कुठून आणणार? वाळूत रंग कालवला.

वहिनींचं जेवण पुरवायचं किचन आहे. शूटिंगच्या लोकांचं जेवण तिथूनच जायचं. रांधायचे मी, वाढायचे मी. माझा नवरा साहेबांच्याच साइटवर होता, दुबईत मुहैस्नाहच्या लेबर कॅम्पात राहायचा. छातीत कळ येऊन तिथेच गेला. नंतर साहेबांनी मला व्हिसा काढून आणलं. घरातच राहायला जागा दिली. माझा पासपोर्ट तेव्हापासून त्यांच्याच कपाटात असतो. माझी मुलगी गावाकडे नर्सिंग शिकते, ती या कामावर. म्हणून मी साहेबांसमोर मान वर करत नव्हते. लाजरी तर मी जन्माचीच.

तर सीन असा होता. नटांच्या लहानपणी त्यांच्या घरी एक बाई कामाला यायची. ती बाहेरच्या पायरीशी बसायची आणि घरातली मालकीण वरून तिच्या ओंजळीत पाणी ओतायची, तांब्या लागू न देता. त्या बाईचं काम करायला दुबईतल्या हौशी नाटकातल्या एक मॅडम आल्या होत्या. चांगल्या होत्या स्वभावाने. पण कॅमेरा जवळ गेला की त्यांचे हात दिसायचे. गुळगुळीत, लांब नखांचे. म्हणून माझे हात.

साउंडसाठी एसी बंद केला. गोडाऊनचा पत्रा तापलेला. मला एक जुनेर नेसवलं. दिग्दर्शक पुढे आला, कसं बसायचं ते सांगायला. तोवर मी बसले होते.

टाचा उचलून, उकिडवी. पदर डावीकडून आवळून घेतलेला, त्याचं टोक कुठे लागू नये म्हणून. कोपर पोटाशी. ओंजळ पुढे, अंगठे जुळवलेले, मान खाली. पाणी आलं की मनगटावरून ओघळू द्यायचं नाही, सांडलेलं पायरीकडे जाऊ द्यायचं नाही. हे मला कोणी सांगितलं नाही. आईबरोबर खोतांच्या घरी जायचे, तेव्हाचं अंगात राहिलं होतं. चौथीनंतर शाळा सुटली ती तिथेच कामाला जायला.

वरून पाणी पडलं. मी प्याले.

"कट!" दिग्दर्शक ओरडला आणि टाळ्या वाजल्या. खऱ्या टाळ्या. लाइटवाल्यांनीसुद्धा वाजवल्या.

"एकदम नॅचरल," दिग्दर्शक म्हणाला. "काही शिकवावं लागलं नाही."

वहिनींनी मला जवळ बोलावून टीव्हीवर तो शॉट दाखवला. नुसते हात. पाणी. पाण्याखाली जुळवलेली बोटं. वहिनींचे डोळे भरले होते. "किती वाईट काळ होता नाही?" त्या दिग्दर्शकाला म्हणाल्या. "थँक गॉड, ते सगळं गेलं."

मी त्या हातांकडे बघत होते.

ते हात जुन्या काळातले नव्हते. ते हात काल सकाळचे होते. शारजातल्या नवव्या मजल्यावरचे. वॉशिंग मशीनच्या शेजारी माझा स्टीलचा कप असतो. मी तो खाली फरशीवर ठेवते आणि मागे सरकते. वहिनी वरून चहा ओततात. भांडं कपाला लागत नाही. त्या गेल्या की मी कप उचलते. रोज. आले त्या आठवड्यापासून.

पहिल्या दिवशी वहिनींनी विचारलं होतं, "गाव कुठलं? आणि वाडी कुठली?" मी वाडी सांगितली. दुसऱ्या दिवशी तो कप आला. "हायजीनसाठी गं," त्या म्हणाल्या होत्या. मी हो म्हटलं. साफसफाईला एक फिलिपिनो बाई येते, मारी. ती ओट्याला टेकून फुलांच्या मगमधून कॉफी पिते. तो मग घरातल्या कपांबरोबर धुतला जातो. मीच धुते. हे मी इतकी वर्षं बघत होते. बघत होते आणि बघितलं नव्हतं.

पुढचा शॉट लागला. आता त्यांच्या लहानपणीचं काम करणारा मुलगा घरातून धावत येतो, आईच्या हातातला तांब्या बाजूला करतो आणि बाईच्या हातात स्वतःचा पेला देतो. मुलगा दुबईच्या शाळेतला. त्याने पेला दिला आणि म्हणाला, "हिअर, आंटी."

"मराठीत रे बाबा!" दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. पुन्हा सगळे हसले.

मग नट स्वतः आले, मुलाला करून दाखवायला. पेला माझ्या हातात दिला. त्यांचं बोट माझ्या बोटाला लागलं. नजर अशी केली की क्षणभर मला ते कापडावरचे आठवले. मग वळले आणि हात पुढे केला. त्यांच्या माणसाने त्यावर सॅनिटायझर ओतलं. कदाचित ते सगळ्यांनंतरच लावत असतील. मला माहीत नाही. बघितलं ते लिहिलं.

"आता ऐक, बाई," ते मला म्हणाले. "पेला खाली ठेवायचा. आणि मुलाच्या पायांवर डोकं ठेवायचं. चेहरा दिसणार नाही तुझा, नुसते हात आणि पाठ. पण मनातून कर. त्या दिवशी त्या बाईने माझ्या पायांवर डोकं ठेवलं. तिथे मी नट झालो. माझं सगळं आयुष्य त्या क्षणात आहे."

मी विचारलं, "तिचं नाव काय होतं?"

माझा आवाज लहान आहे. त्यांना ऐकू गेलं नाही. मी पुन्हा विचारलं.

"कोणाचं?"

"त्या बाईचं."

ते आठवायला लागले, हे खरं. मग हात हलवला. "आमच्याकडे कामाला यायची गं ती."

दिग्दर्शक म्हणाला, "मावशी, हातांना नाव नसतं. यल्ला, चला लवकर, पोझिशन घ्या, गरम होतंय."

मी बसले. मुलगा समोर उभा राहिला. त्याचे पाय गोरे, छोटे. त्यांच्यावर रंगाची लाल वाळू लावलेली. मुलाचा काही दोष नव्हता. माझी मान अर्धी वाकलीसुद्धा. मानेला सवय आहे.

मग मी उठले.

"मी डोकं नाही ठेवणार."

"काय?"

"पाणी प्याले तेवढं बस. डोकं नाही ठेवणार."

वहिनी दात आवळून बोलल्या, "अगं, ॲक्टिंग आहे ती. खोटं खोटं."

"मघाचं खोटं होतं का, वहिनी?"

नटांचा चेहरा लाल झाला. आणि मग तो आवाज आला, सिनेमातला, कापड हलवणारा. यावेळी माझ्यावर.

"तुमच्या लोकांसाठी मी आयुष्यभर पडद्यावर ओरडलो! गळा फोडला! आणि तू मला शिकवतेस? तिने ठेवलं होतं डोकं. हे सत्य आहे!"

"तिने ठेवलं असेल," मी म्हटलं. "मी नाही."

शूर नव्हते मी. जुनेर बदललं आणि जेवणाची भांडी गाडीत चढवली. कोणी मदत केली नाही. मुलगा त्याच्या आईला सांगत होता, "मॉम, आय वॉन्ट टू गो होम."

न्यायला आलेल्या साहेबांना सगळं कळलं होतं, त्यांनी गाडी मोठ्या रस्त्याला लावली. मग म्हणाले, "त्यांचा अपमान झालाय. शुक्रवारी ते आपल्याकडे जेवायला येतील. सगळ्यांसमोर माफी मागायची. पायाला हात लावायचा, एक फोटो काढायचा, विषय संपला. नाही तर खलास. व्हिसा कॅन्सल, पुढच्या फ्लाइटने घरी. समजलं?"

वहिनी रडत होत्या. "काय नाही केलं आम्ही तुझ्यासाठी? तुझा नवरा गेला तेव्हा कोण उभं राहिलं? आम्ही कधी जात मानली का गं? सांग ना, कधी मानली?"

मी विचारलं, "माझा कप कुठे असतो, वहिनी?"

"कसला कप?" साहेब म्हणाले. त्यांना खरंच माहीत नव्हतं. आपल्या घरात काय कुठे ठेवतात हे त्यांना कधी माहीत नसतं.

"ते हायजीन आहे," वहिनी म्हणाल्या.

"मग मारीचा?"

साहेबांनी रेडिओ लावला, तो शारजा येईपर्यंत चालू होता.

दुसऱ्या दिवशी मुलीला फोन केला. वाटलं होतं ती म्हणेल, आई, बरं केलंस. तिच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो आहे. भाषण करते ती जयंतीला. तिने सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "आई, मागून टाक माफी."

"काय?"

"शेवटचं वर्ष आहे माझं. एवढं एकदा वाक. मी नोकरीला लागले की मग कुणासमोर वाकू नकोस."

"माझी आईपण हेच म्हणायची," मी म्हटलं. "तू शिक, तोवर मी वाकते."

"मग? चूक होतं का तिचं?"

"नाही. पण मी शिकले का?"

तिने फोन ठेवला. मी पुन्हा लावला, तिने घेतला नाही. तिचा राग खरा आहे. मी परत गेले तर तिचं शिक्षण कदाचित थांबेल. मी काजूच्या कारखान्यात जाईन, नाही तर आंब्याच्या पेट्या भरायला. पुरेल की नाही, ठाऊक नाही. ती मला बोल लावेल. लावू दे. माझं वाकणं तिला वारशाने मिळालं, तर नर्स होऊनही ती कुठल्यातरी डॉक्टरच्या दारात ओंजळ धरेल. त्यापेक्षा माझ्यावरचा राग बरा.

तो पाण्याचा शॉट त्यांच्याकडे आहे. परत मागता येत नाही. दुसऱ्या शॉटसाठी त्या नाटकातल्या मॅडमनी नखं कापली म्हणे, आणि डोकं ठेवलं. सिनेमा लागेल, लोक रडतील. रडोत.

उद्या शुक्रवार. वहिनी आता सामान आणायला गेल्या आहेत. मला सांगून गेल्या, "मटण तू कर, त्यांना तुझ्या हातचं आवडलं होतं." मटण मी करीन. काम आहे ते, त्याचा मला कमीपणा नाही. ते नट बसतील, पाहुणे बसतील, साहेब मला हाक मारतील, कोणीतरी मोबाइल काढेल.

मला फक्त दोनच वाक्यं बोलायची आहेत. सकाळपासून कांदा चिरताना म्हणून बघते आहे. मी माफी मागणार नाही. माझा पासपोर्ट द्या.

पहिल्यांदा कदाचित कोणाला ऐकू जाणार नाही. मी पुन्हा बोलेन. हातात पासपोर्ट येईपर्यंत बोलेन.