नगाऱ्यावरचा भंडारा

राहू गावच्या बिरोबापुढं रखमाजींनी जन्मभर ढोल वाजवला. लेक धनश्री शिक्रापूरच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. कंपनीच्या मैदानात परदेशी ऑर्केस्ट्रा फ्रेंच संगीतकारांच्या रचना वाजवणार, म्हणून तिनं आप्पांना हट्टानं आणलं.

व्हायोलिनं ऐकून आप्पांना जांभया आल्या. मग मागचे तांब्याचे नगारे असे घुमले, की म्हाताऱ्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. अशा वादनाला नुसत्या टाळ्या? छे! ते तडक स्टेजवर चढले आणि पिशवीतला देवाचा भंडारा त्यांनी नगाऱ्यावर उधळला. पिवळी हळद उडाली, वादन थांबलं. सिक्युरिटीवाल्यानं त्यांचा दंड धरला.

"यांच्यासोबत कोण आहे?"

पहिल्या रांगेत धनश्रीनं मान खाली घातली. रखमाजींनी ते पाहिलं.

"कुणी न्हाई, साहेब," ते म्हणाले. "एकटाच आलोय."