दाराची की दारी

चैत्रातल्या दुपारी कडुनिंबाच्या मोहराचा कडवट-गोड गंध धारच्या त्या बोळात साचून राहिला होता, आणि देवासहून दोन बसगाड्या बदलून आलेली मी, निवृत्त मराठी शिक्षिका, वहिनींच्या बैठकीत गुडघे चोळत बसले होते. भाचीने, मुग्धाने, बोलावले होते. तिला मराठी मंडळात आपल्या आईच्या कवितेचे रसग्रहण करायचे होते. शिक्षण सारे हिंदीत झालेले, त्यामुळे वृत्त, गण तिला अनोळखी.

"आत्या, इसका छंद कौन-सा है, तेवढं सांगा, बाकी मी करते," म्हणत तिने वही उघडली.

'दुपारी घरी या कुणी येत नाही.' लघु, गुरू, गुरू, असे चारदा: भुजंगप्रयात. सांजवेळी देवापुढे म्हणतात त्या श्लोकांची ही डौलदार, पुढे झेपावणारी चाल. आणि तिच्यात वहिनींनी एवढा एकांत भरला होता, जणू रिकामा झोपाळा आपल्याच वेगाने हलत राहावा.

पुढची ओळ, 'कधी मीच दाराची कडी वाजवावी.' इथे एक गुरू अक्षर जास्त, चाल अडखळते. 'दाराची' लाल शाईने खोडून वर 'दारी' लिहिले होते. हस्ताक्षर माझे होते.

दादा गेल्यावर काही महिन्यांनी वहिनींनी ही वही माझ्याकडे पाठवली होती. शाळा, उत्तरपत्रिका, सासूबाईंचे आजारपण. मी शिणलेली होते. तरी एका बैठकीत वृत्त दुरुस्त करून वही परत धाडली आणि कर्तव्य केल्याचे समाधान मानले. धारला मात्र आले नाही. त्या वर्षी नाही, पुढच्याही नाही. ओळ काय सांगते आहे ते मी वाचलेच नव्हते, तिची अक्षरे तेवढी मोजली होती.

वहिनी ताक घेऊन आल्या.

"वहिनी, तुमचंच बरोबर होतं. ती ओळ अडखळायलाच हवी. मी उगाच खोडलं."

"छे हो वन्सं, तुम्ही दुरुस्त केलेलंच मी पाठ केलंय. म्हणायला सोपं जातं."

त्यांच्या स्वरात रोष नव्हता, हेच मला पेलवेना.

"आत्या, भाव कोणता लिहू?" मुग्धाने विचारले. 'करुण' ओठांवर आले. आयुष्यभर वर्गात दिलेले ते उत्तर आता फार आटोपशीर वाटले.

"आईलाच विचार," मी म्हणाले.

वहिनी जराशा हसल्या. "कसला भाव गं? त्या दिवसांत कुणीतरी यावंसं वाटायचं, एवढंच."

साडेतीनच्या गाडीने परतायचे, असे मी ठरवून आले होते. ऊन कलले, गाडीची वेळ झाली. मी उठले नाही.