मोठा वाचला का

दादा देवळाली कॅम्पात तोफखान्यात होता तोवर रविवारी सुट्टी काढून घरी यायचा, आणि आम्ही दोघं रोबोची जपानी मालिका बघायचो. हिंदीत डब केलेली. दोन भाऊ एकाच अवाढव्य रोबोत बसून लढतात. मोठा खाली पायांशी, धाकटा वर डोक्यात. मी तेव्हा अकरावीला होते. "घोडी झाली तरी कार्टून बघती," असं आई झेंडूच्या माळा ओवता ओवता रोज ऐकवायची.

मग फौज सीमेवर नेली, दादाची तुकडीही गेली. निघताना म्हणाला, "पुढचं बघून ठेव. फोनवर सांग. नुसती गोष्ट नको, कशी वाटली तेही सांग."

देवळालीकडून सरावाच्या तोफांचा आवाज आमच्या मळ्यापर्यंत येतो. दादा तिथे होता तेव्हा आई म्हणायची, "लागलं बघ पोरगं कामाला." आता तोच आवाज आला की तिची सुई मध्येच थांबायची.

फोन शेजारच्या काकूंकडे यायचा, पंधरा-वीस दिवसांतून एकदा. मी धावत जायचे आणि आधी माझं मत तोंडावर फेकायचे. "भाषणं लय ठोकतात रे. शत्रू समोर उभा, अन् हे बोलतच बसलेत. आणि रोबो एका रात्रीत दुरुस्त! आपली विहिरीवरची मोटार जळली की आठवडा जातो." दादा हसायचा. त्याच्या हसण्यामागे जोराचा वारा ऐकू यायचा.

मालिका निम्म्यावर आली आणि मोठ्या भावाने धाकट्याला रोबोतून बाहेर ढकललं, आतून दार लावलं आणि एकटाच आगीत घुसला. स्फोट झाला, भाग संपला. एरवी टीव्हीकडे न बघणारी आई नेमकी तेव्हा बघत होती.

"मेला का गं तो?"

"मेला."

तिने उठून टीव्ही बंद केला. "घरात असलं बोलायचं नाय. वास्तू तथास्तु म्हणती."

"अगं आई, कार्टून आहे ते," मी चिडून म्हणाले. पण त्याच आठवड्यात बातम्यांत सांगितलं की सीमेवर सुरुंग फुटून जवान गेले. तुकडी कुठली, ते सांगितलं नाही. दादाचा फोन येईना. महिना उलटला. मी काकूंच्या ओट्यावर जाऊन बसायचे, त्यांच्या घरी दुसऱ्या कुणाचा फोन आला की मला त्या माणसाचा रागच यायचा. आई संध्याकाळी ओट्यापर्यंत यायची, माझं तोंड बघायची आणि परत जायची.

शेवटी फोन आला तेव्हा आईही माझ्यामागे धावली आणि रिसीव्हरला कान लावून उभी राहिली. दादा सुखरूप होता. मी रडणार तेवढ्यात त्याने विचारलं, "निम्मी झाली असेल ना? असल्या गोष्टींत निम्म्यावर कुणीतरी मरतंच. मोठा वाचला का?"

"पूर्वार्ध अगदीच भिकार आहे," मी म्हणाले.

"ते राहू दे. वाचला का?"

मेला म्हणावं तर शेजारी आई, वाचला म्हणावं तर दादाशी खोटं बोलणं मला जमेना. आईने रिसीव्हर ओढून घेतला.

"वाचला. घरी आला."

"आई, तू बघतेस होय?"

"बघते की."

"मग घरी येऊन काय केलं त्याने?"

"हातपाय धुतले. बाजरीची भाकरी अन् मेथीची भाजी खाल्ली. झोपला." एवढं बोलून तिने रिसीव्हर मला दिला.

त्या स्फोटाच्या भागानंतर ती मालिका आमच्या घरात कुणी लावलीच नाही. उत्तरार्ध मी आजवर पाहिलेला नाही.

दादा परत आला तो दिवाळी होऊन गेल्यावर. दाढी वाढलेली, अर्धा झालेला. आईने त्याला हातपाय धुवायला लावले आणि पुढ्यात ताट ठेवलं. बाजरीची भाकरी, मेथीची भाजी. तो ताटाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "म्हणजे मेला होता ना तो?"

"गप जेव," चुलीजवळून आई म्हणाली.

तो जेवला, आणि तिथेच आडवा होऊन झोपला.