पाहून सांगणारी

“डोयाले दिसू दे पयले, मंग सांग.”

प्रात्यक्षिकाला बसलं की ती हे म्हणणारच. म्हणताना दोन बोटांनी माझी हनुवटी धरून मान सरळ करायची. यवतमाळला मानसशास्त्राच्या एम.ए.ला आम्ही जोडीदार होतो. एकीनं प्रयोग घ्यायचा, दुसरीनं द्यायचा. मी कारकुनाची मुलगी. ती बाभुळगावकडच्या शेतकऱ्याघरची सून, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, रोज एसटीनं येणारी. मी तिला ताई म्हणायचे, ती मला पोरी.

माणसाला दिसतं कसं, जाणवतं कसं, याचा आमचा एक पेपर होता. त्यातल्या त्या दोन रेघा तुम्हीही पाहिल्या असतील. लांबी सारखीच, पण टोकांच्या बाणांमुळे एक मोठी भासते. पट्टी सरकवून दोन्ही सारख्या करायच्या. मला फसगत आधीच ठाऊक होती, म्हणून मी हुशारीनं पट्टी नेमकी थांबवली. तिनं पेन खाली ठेवलं.

“तू पाहून नाही, आठवून सांगून राह्यली.”

“आकडा बरोबर आला ना, ताई?”

“बरोबर हाय. पण खोटा हाय.”

मी पुन्हा केलं. चुकले. ती खूश झाली आणि तो चुकलेला आकडा तिनं सुंदर अक्षरात लिहिला.

पुढचा प्रयोग वजनांचा. दिसायला सारख्या डब्या, वजनात किंचित फरक; हातात घेऊन जड कोणती ते सांगायचं. तिच्या वहीत चूक जवळजवळ नव्हतीच. सरांनी वर्गासमोर विचारलं, “घरी बसून आकडे लिहिले का?”

तिचा चेहरा उतरला. पण उठली. “सर, पुन्हा उचलू द्या मले.”

तिनं डोळ्यांवर रुमाल बांधला. सर स्वतः डब्यांचा क्रम बदलत होते. ती तळहातावर डबी घ्यायची, थांबायची, सांगायची. साऱ्या डब्यांत एकदाच चुकली.

“कुठं शिकलात हे?”

“लहानपणापासून कापूस वेचते, सर. हाताले समजते.”

सरांनी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. वर म्हणाले, वेचणाऱ्या बायांच्या हातांवरच प्रकल्प करा. दुसऱ्याच आठवड्यात ती सासूला घेऊन आली. म्हातारीनं दोन डब्या उचलल्या आणि विचारलं, “येवढं मोठं कॉलेज, अन् डब्या उचलाले लावता? कायले?” सर सगळ्यात जास्त हसले.

ती कापसाची वाईट वर्षं होती. बसस्टँडवर दुसरं बोलणं नसायचं. लागोपाठ दुसरं पीकही हातचं गेलं, तेव्हा तिच्या नवऱ्यानं पुण्याकडं कारखान्यात काम धरलं. दिवाळीनंतर सासूला घेऊन तीही निघाली.

“परीक्षेले येईन ना वो. तू नोट्स लिहून ठेव.”

तो सगळा हिवाळा मी वहीत कार्बन घालून दोन प्रती लिहीत होते. पत्र आलं नाही. बाभुळगावला जाऊन आले, तर घराला कुलूप होतं.

परीक्षेला माझ्या शेजारचा बाक तिचा होता. सरांनी तिथं प्रश्नपत्रिका ठेवली. अर्ध्या तासानंतर ती उचलून गैरहजेरी मांडायचा नियम. अर्धा तास झाला. सर बाकापाशी आले, घड्याळ पाहिलं, मग दाराकडे पाहत उभे राहिले. प्रश्नपत्रिका वाऱ्यानं हलत होती. त्यांनी तिच्यावर खडू ठेवला आणि पुढं गेले.