इंजिनाच्या दांड्यावर टांगलेली द्राक्षं

बोटीच्या इंजिनाचा दांडा मला खुंटी वाटला आणि त्यावर मी दोन किलो द्राक्षांची पिशवी टांगली. हा दांडा खाली ओढला की डिझेल बंद होतं आणि वर केला की चालू, एवढंच त्याचं काम. हे न कळायला मी काही कवी नव्हे. एकतीस वर्षं मी नाशकातल्या एका कारखान्यात डिझेल इंजिनंच तपासत होतो.

निवृत्तीनंतर आपलाच जिल्हा आपण पाहिलेला नाही असा साक्षात्कार पुष्कळांना होतो, तसा मलाही झाला. मार्चमधल्या एका सकाळी एसटीने गिरणाऱ्याला उतरलो, रस्त्याकडेच्या बाईकडून द्राक्षं घेतली आणि जीपच्या मागच्या बाकावर दोन कोंबड्यांच्या शेजारी बसून धरणाच्या फुगवट्यापाशी (धरणाचं पाणी मागे पसरतं तो भाग) पोचलो. पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी एक गाव दिसत होतं. तेच मला पाहायचं होतं. गावात जायला बोटीने अर्धा तास लागतो आणि रस्त्याने वळसा घालून दोन तास.

बोट लोखंडी होती. मधोमध लाकडी पेटीत दोन सिलिंडरचं इंजिन, आणि पेटीच्या खाचेतून बाहेर आलेला तो दांडा. बोटवाले इस्माईलचाचा, दाढी पांढरी, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला. त्यांनी आल्या आल्या दांडा वर केला आणि दोर सोडायला पुढच्या टोकाला गेले. तेवढ्यात मी स्थानापन्न झालो आणि पिशवी टांगली.

बोटीत माझ्यासमोर नवा कोरा फेटा बांधलेले पांडूमामा होते आणि त्यांची म्हातारी आई, हौसाबाई. बाकी आठ-दहा वऱ्हाडी.

"लग्नाला का?" मी विचारलं.

"भाचीचं हाय. साडेबाराचा मुहूर्त," मामा म्हणाले. "मामानं मांडवात आणल्याबिगर नवरी उभी राहत नाय आमच्यात. तुमीबी चला की, पाव्हणं!"

अकरा वाजले होते. चाचांनी सेल्फ मारला. इंजिन गरगर फिरलं, पण लागलं नाही. पुन्हा मारला, तरी नाही.

"काल तर एका झटक्यात लागलं होतं," चाचा पुटपुटले.

अशा वेळी शहाण्या माणसाने द्राक्षं खावीत. मी उठलो. "थांबा चाचा, माझं आयुष्य गेलंय यात." बोटीतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

मी मागच्या धुराड्याकडे बोट दाखवलं. "सेल्फ मारा. पांढरा धूर आला तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. धूरच आला नाही तर डिझेल पोचतच नाही." चाचांनी सेल्फ मारला. धूर आला नाही. "बघा! डिझेल पोचत नाही." इथवर माझं निदान अगदी अचूक होतं. त्याचं कारण माझ्या कोपरापासून वीतभर अंतरावर लोंबकळत होतं.

मग टाकी पाहिली. ती भरलेली होती. फिल्टर खोलला, तो स्वच्छ निघाला. तळहातावर डिझेल घेऊन पाण्याचे थेंब शोधले. सापडले नाहीत, तरी "हं, जरा शंका आहे," असं म्हणालो, कारण काहीच न सापडणं मला शोभत नव्हतं. नळीतली हवा काढली. सेल्फ मारला. काही नाही. सिलिंडरकडे जाणारा पाइप सैल करून पाहिला, डिझेलचा थेंब नाही. तो परत आवळला. बॅटरी आता कण्हू लागली होती.

"पंप गेला," मी निकाल दिला. "खराब डिझेलनं गेला."

"साहेब, पंधरा वर्षं झाली," चाचा हळूच म्हणाले, "डिझेल मी स्वतः गाळून भरतो."

"मग काय, पाव्हणं खोटं बोलत्यात?" मामा कडाडले आणि जीपवाल्याला फोन लावू लागले. पावणेबारा झाले होते. दोन तासांचा वळसा म्हणजे मुहूर्त गेलाच. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि मोठ्या माणसाने फेट्याच्या शेमल्याने डोळे पुसलेले बघवत नाही. त्यांना धीर द्यावा म्हणून मी द्राक्षं द्यायला उठलो. पिशवी काढली आणि तिच्याखाली पार खाली गेलेला दांडा पाहिला.

कारखान्यात माझ्यासमोर आलेल्या कुठल्याही इंजिनावर कोणी द्राक्षं टांगलेली नसायची, एवढाच माझा बचाव.

मी कोपराने दांडा वर सारला. "चाचा, शेवटचं एकदा मारा." काळ्या धुराचा लोट उठला आणि इंजिन धडधडलं. वऱ्हाडाने टाळ्या पिटल्या. त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. मी द्राक्षं वाटली.

मुहूर्त गाठला. मामा भाचीला घेऊन मांडवात आले. नंतर भात, वरण, बुंदी, आणि माझ्यासाठी मुद्दाम नागलीची (नाचणीची) भाकरी. आणि मग सगळ्यांदेखत टोपी, टॉवेल, नारळ देऊन माझा सत्कार! "हे साहेब नसते तर लगीन झालं नसतं," मामांनी जाहीर केलं. "आन् उद्या नवऱ्याकडचं वऱ्हाड परत न्यायला दुसरी बोट सांगतो. चाचाच्या डिझेलचा भरवसा नाय." पंगतीच्या शेवटाला बसलेले चाचा मान खाली घालून भात कालवत राहिले. मी आणखी बुंदी वाढून घेतली.

चार वाजता तीच बोट, तीच माणसं. चाचांनी दांडा वर केला, दोराकडे जाता जाता थांबले आणि अदबीने म्हणाले, "साहेब, एकदा नजर टाकता का? सकाळपासून माझाच माझ्यावर भरवसा राहिला नाही."

आता मात्र राहवेना. "चाचा, तुमच्या डिझेलला काही झालं नव्हतं. पंपालाही नाही. सकाळी या दांड्यावर माझी पिशवी टांगलेली होती. मला ते कळलंसुद्धा, आणि मी गप्प बसलो."

मामांनी आधी पिशवीकडे पाहिलं, मग दांड्याकडे.

"फिल्टर खोललात," चाचा सावकाश म्हणाले, "पाइप खोललात. दांडा नाही बघितला?"

"नाही."

मी टोपी काढली आणि नारळ त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला नाही. मामांनी माझ्या हातातून काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. "चाचा, उद्याचं वऱ्हाड तुमच्याच बोटीनं. माझं चुकलं."

चाचांनी सेल्फ मारला. एका झटक्यात लागलं.

नाशिक जवळ येईपर्यंत एक गोष्ट डोक्यात घोळत होती. मी आजवर किती इंजिनांत दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, आणि त्यांतल्या किती माझ्याच असतील? त्याहून जास्त घोळत होतं ते बोटीतून उतरताना हौसाबाईंनी माझ्या पिशवीकडे बघत ऐकवलेलं वाक्य:

"पुढल्या टायमाला पिशवी मांडीवर घे रं बाबा. आन् हात बी."